साडेआठ इंचांची वीत

"त्या पोराची वीत कशाला मोजतायत रे?" आईने विचारलं.

मार्च २०२२. खिडकीबाहेर पिट्सबर्गचं ठरलेलं राखाडी आभाळ होतं आणि टीव्हीवर इंडियानापोलिस. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. आमच्या घरी क्रिकेट सोडून दुसराच एक खेळ बघतात, त्याला फुटबॉल म्हणतात आणि तरी तो हाताने खेळतात, इथवर तिची एव्हाना तयारी झाली होती. पण त्या दिवशी खेळही नव्हता. एका तरण्याताठ्या पोराने पंजा ताणून पट्टीवर ठेवला होता आणि एक माणूस वाकून आकडा वाचत होता.

अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. आम्ही घरातले सगळे वर्षानुवर्षं 'हँड साइझ, हँड साइझ' करत होतो. ही वीत आहे हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आईला एका नजरेत कळलं. तिने गजरे वितीने मोजले, परकराचं कापड वितीने मोजलं, माझी उंची वाढत नाही म्हणून भिंतीवर वितीने खुणा केल्या.

चर्चा चालली होती ती केनी पिकेटच्या वितीची. पिकेट इथल्याच पिट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन पुढचा सगळा डाव ठरवणारा आणि फेकणारा गडी. २०२१च्या मोसमात त्याने ४२ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, फेकले होते. जानेवारी-फेब्रुवारीत अलाबामातल्या एका निवड-सामन्याच्या वेळी त्याने हात मोजू दिला नाही. अंगठ्याचं हाड जरा वेगळं वळतं, थोडे व्यायाम करून मग मोजा, असं म्हणाला. मार्चमध्ये मोजला, साडेआठ इंच. तीनेक आठवड्यांनी स्वतःच्या विद्यापीठात पुन्हा मोजला, तेव्हा एक अष्टमांश इंच वाढला होता. तीन मिलिमीटर. त्या तीन मिलिमीटरवर या देशात तासन् तास बोलणारी माणसं आहेत, आणि कबूल करतो, त्यांचं ऐकणाऱ्यांत मी एक आहे.

हे सगळं एप्रिलमधल्या 'ड्राफ्ट'साठी. अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलचे ३२ संघ आहेत, आणि कॉलेजात खेळणारी पोरं कुठल्या संघात जायचं हे स्वतः ठरवत नाहीत. संघ त्यांना पाळीपाळीने उचलतात. सात फेऱ्या. आदल्या वर्षी जो सर्वांत जास्त हरला त्याची पहिली पाळी, विजेत्याची शेवटची. आपल्या आयपीएलसारखी बोली नाही, पैशाची हातघाई नाही, नुसता नंबर. १९३६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात हे सुरू झालं. पहिल्यांदा ज्याचं नाव पुकारलं त्या जे बर्वँगरला पैशांचं जमेना, तो या लीगमध्ये कधी खेळलाच नाही. म्हणजे परंपरेची सुरुवातच फसलेल्या निवडीने.

आणि इंडियानापोलिसला चालली होती ती 'कंबाइन', म्हणजे ड्राफ्टच्या आधीची तपासणी. चाळीस यार्ड पळा, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर. एकशेदोन किलोचा बार छातीवरून किती वेळा उचलता ते दाखवा. उभ्याने उडी, आडवी उडी, उंची, वजन, हाताची लांबी, वीत. पूर्वी बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची बुद्धिमत्ता चाचणीही असायची. नेमकी २०२२पासून ती बंद झाली. माझे आजोबा पुसेगावच्या यात्रेत खिलार खोंड घ्यायला जायचे, तेव्हा मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. दात बघणं, खूर बघणं, पाठीवरून हात फिरवणं, मग 'जरा चालवून आण'. कंबाइन बघताना ते आठवतं आणि आठवल्यावर बरं वाटत नाही. कारण इथले निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय, आणि पट्टी ज्यांच्यासाठी लावली जाते ते मालक जवळजवळ सगळे गोरे. हे खेळाडूंनीही अनेकदा बोलून दाखवलंय. मी बोलत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा टीव्ही लावतो.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं की थंडीत, पावसात चेंडू निसटू नये म्हणून मोठा हात लागतो. तिचं समाधान झालं नाही. तिने जेवणाच्या टेबलावर मुलाची शाळेची पट्टी ठेवली आणि सगळ्यांना हात ठेवायला लावले. मी आठ. चिरंजीव, वय वर्षं चौदा, सव्वाआठ. आई सव्वासात. त्या वेळी पॅप आले होते. पश्चिम पेनसिल्व्हेनियात आजोबांना पॅप म्हणतात; आमच्या शेजारचे पॅप कोणाचेही आजोबा नाहीत, पण पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून आख्ख्या गल्लीचे आहेत. त्यांनी पंजा ठेवला. दहा इंच. पट्टीवरून डोळे न काढता म्हणाले, "आणि मला हायस्कूलच्या संघातूनसुद्धा काढलं होतं."

पॅपकडून हा खेळ मी शिकलो असं म्हणायला हरकत नाही, कारण त्यांनी मला तो न विचारता शिकवला. चाळीस यार्डांचा आकडा सगळे सांगतात. पॅप म्हणायचे, जाडजूड लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीत रेटारेटी करणारा गडी, आयुष्यात चाळीस यार्ड सरळ कधी पळतो? त्याचे पहिले दहा यार्ड बघ. त्यांची दुसरी शिकवण म्हणजे पिट्सबर्गचं दुखणं. हे दुखणं कळल्याशिवाय २०२२मध्ये आमच्या गावाला काय झालं ते कळणार नाही.

दुखणं जुनं आहे. जॉनी युनायटस हा पिट्सबर्गचाच पोरगा. १९५५मध्ये इथल्या स्टीलर्स संघाने त्याला नवव्या फेरीत घेतलं आणि मोसम सुरू व्हायच्या आत काढून टाकलं. तो शहरातल्याच ब्लूमफील्ड भागातल्या एका हौशी संघाकडून सामन्याला सहा डॉलर घेऊन खेळत राहिला. पुढच्या वर्षी बाल्टिमोरने त्याला घेतलं, आणि मग कित्येक वर्षं 'आजवरचा सर्वोत्तम क्वार्टरबॅक कोण' या प्रश्नाला युनायटस हेच उत्तर होतं. पुढे डॅन मरिनो. हाही इथलाच, पिट विद्यापीठाचाच. १९८३च्या ड्राफ्टमध्ये एकामागून एक पाच क्वार्टरबॅक गेले, मरिनो बसून राहिला. एकविसावी पाळी स्टीलर्सची. घरातलं पोर दारात उभं आहे, आपला जुना क्वार्टरबॅक कोपराच्या दुखण्याने संपत आलाय, आणि स्टीलर्सनी टेक्सासचा एक बचावपटू, गेब्रियल रिव्हेरा, उचलला. मरिनोला सत्ताविसाव्या क्रमांकावर मायामीने घेतलं; दुसऱ्याच मोसमात त्याने ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन पास फेकले. त्याआधी इतके कुणीच फेकले नव्हते. बिचाऱ्या रिव्हेराचा त्याच ऑक्टोबरमध्ये मोटार अपघात झाला आणि तो कायमचा खुर्चीला खिळला. पॅप ही गोष्ट सांगताना मरिनोवर तावातावाने बोलतात, पण रिव्हेराचं नाव आलं की आवाज उतरतो.

तर २८ एप्रिल २०२२ची रात्र. ड्राफ्ट लास व्हेगासला, आम्ही तळघरात. गुरुवार असल्यामुळे आईचा उपास, म्हणून सगळ्यांनाच साबुदाणा वडे. पॅपनी सात खाल्ले. त्यांचा पिवळा टॉवेल गुडघ्यावर. हा टॉवेल इथला भंडारा समजा, सामन्याला डोक्यावर गरगर फिरवतात. विसावी पाळी स्टीलर्सची. तोवर एकही क्वार्टरबॅक गेला नव्हता. नाव पुकारलं. केनी पिकेट.

चिरंजीवांनी केलेली आरोळी वरच्या मजल्यावर झोपलेल्या बायकोने ऐकली. पिट आणि स्टीलर्स एकाच मैदानावर खेळतात. पोराला नवं घर शोधायचंही काम नव्हतं, फक्त ड्रेसिंग रूम बदलायची. या वेळी घरचं पोर दारातून परत गेलं नाही. मी पॅपकडे बघितलं. ते टॉवेलची घडी घालत होते. "चांगला मुलगा आहे," एवढंच म्हणाले. मला वाटलं, म्हातारपण.

दुसऱ्या दिवशी सकाळी देशभरातल्या जाणकारांनी बत्तीस संघांना प्रगतिपुस्तकं वाटली. ए, बी प्लस, सी मायनस. एकही पोरगा अजून मैदानात उतरलेला नसतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संसाराला मार्क द्यावेत तसा प्रकार. पण आम्हीही देतो. चिरंजीव आणि मी यासाठी एक शंभरपानी वही ठेवलीय. त्या वर्षीच्या पानावर त्याच्या हातचं आहे : 'पिकेट, ९/१०. हात लहान पण पिट्सबर्गच्या थंडीत चार-पाच वर्षं खेळलाय, मग काय प्रॉब्लेम?' तर्क चांगला आहे, मी आजही म्हणेन. खाली माझं : '८. मरिनोचं पाप फिटलं.'

माझी ओळ आता वाचली की हसू येतं. ते मार्क मी पिकेटला दिलेच नव्हते. एकोणचाळीस वर्षांपूर्वीच्या एका चुकीला दिले होते, आणि ती चूक झाली तेव्हा मी सातारा जिल्ह्यात बिनफुटबॉलचा सुखात होतो. पॅपचं दुखणं मी उसनं घेतलं आणि त्यावर मलम म्हणून एका तेवीस वर्षांच्या पोराकडे बघितलं. नोकरीतही मी हेच करतो. वर्षाला पंधरा-वीस मुलाखती घेतो, समोर पाच चौकटींचा फॉर्म असतो. आधीचा उमेदवार बोलघेवडा पण कामाला शून्य निघाला की पुढच्या खेपेला मला मितभाषी माणसं फार आवडू लागतात, आणि उलट. असंच एकदा एका मुलीच्या फॉर्मवर 'आत्मविश्वास कमी' लिहून तिला नाकारलं. दोन वर्षांनी ती ग्राहकाच्या बाजूने टेबलापलीकडे बसली आणि आमच्या डिझाइनमधली चूक तिने दाखवून दिली. आवाज तितकाच हळू. मला पुढे झुकून ऐकावं लागलं.

ड्राफ्टचा तिसरा दिवस शनिवार. त्या दिवशी फारसं कुणी बघत नाही. शेवटच्या, २६२व्या पाळीला सॅन फ्रान्सिस्कोने आयोवा स्टेटचा ब्रॉक पर्डी घेतला. शेवटच्या नंबरला इथे 'मिस्टर इररेलेव्हंट' म्हणतात, म्हणजे कुणाच्या खिजगणतीत नसलेले श्रीयुत. १९७६पासून कॅलिफोर्नियात त्याचं कौतुक करतात, मिरवतात आणि एक चषक देतात. चषकावरच्या खेळाडूच्या हातून चेंडू निसटत असतो. थट्टा प्रेमळ आहे, पण थट्टाच. आमच्या वहीत पर्डीचं नावही नाही.

डिसेंबरपर्यंत सॅन फ्रान्सिस्कोचे पहिले दोन्ही क्वार्टरबॅक जायबंदी झाले. त्यांतल्या पहिल्यासाठी संघाने पहिल्या फेरीच्या तीन पाळ्या मोजल्या होत्या. उरला पर्डी. त्याने सुरुवातीपासून खेळलेला पहिला सामना टॉम ब्रेडीच्या संघाविरुद्ध होता. ब्रेडी म्हणजे सात सुपर बोल, म्हणजे मोसमाचे अंतिम सामने, जिंकलेला महापुरुष, आणि तोही २०००च्या ड्राफ्टमध्ये १९९वा; कंबाइनमध्ये चाळीस यार्डांना ५.२८ सेकंद घेतले होते, जे क्वार्टरबॅकच्या मानानेही रांगणंच. तर १९९ विरुद्ध २६२. निकाल ३५-७, पर्डीच्या बाजूने. पुढच्या मोसमाअखेर, फेब्रुवारी २०२४मध्ये तो सुपर बोल खेळला आणि ज्यादा वेळेत हरला. २०२५मध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला.

पिकेटचं काय झालं? वाईट असं काही नाही, हीच पंचाईत. सामने जिंकले, शेवटच्या मिनिटाला जिंकून दिले, एकदा-दोनदा डोक्याला मार बसला, घोट्याचं ऑपरेशन झालं. दोन मोसमांत १३ टचडाउन पास आणि १३ वेळा चेंडू विरुद्ध संघाच्या हातात. फिट्टंफाट. चेंडू निसटतोय, वीत कमी पडतेय, असं मी तरी बघितलं नाही. अडायचं ते दुसरीकडेच : गर्दीत उभं राहून वाट बघायची, त्या अर्ध्या सेकंदाला पाय आधीच पळायला लागायचे. ते कुठल्या पट्टीवर मोजणार होते? 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' म्हणतात. पाळण्याच्या भोवती सव्वातीनशे पौंडांची चार माणसं अंगावर धावत येत नसतात.

शिवाय स्टीलर्सचे डाव आखणारे प्रशिक्षक इतके गंडले होते की २०२३च्या मोसमात मध्येच त्यांना घरी पाठवावं लागलं, आणि पर्डी जिथे गेला तिथे काइल शॅनहॅनसारखा डाव आखणारा गुरू, आणि आजूबाजूला चेंडू घेऊन पळणारे एकापेक्षा एक. दोघांची अदलाबदल केली असती तर? पॅप म्हणतात, तरी पर्डी पर्डीच राहिला असता. मला तसं वाटत नाही. पर्डी स्टीलर्सकडे आला असता तर तिसरा क्वार्टरबॅक म्हणून वर्षभर पाणी देत बसला असता आणि दुसऱ्या उन्हाळ्यात गेला असता. युनायटससारखा. पिकेटबद्दल माझी छाती होत नाही सांगायची.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांनी ड्राफ्टचा हिशोब मांडला होता. थेलर म्हणजे पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. त्यांना दिसलं की एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्या लगेच मागून निवडलेल्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता साधारण ५२ टक्के. छापा-काट्यापेक्षा दोन टक्के जास्त. यासाठी संघ डझनांनी स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, पगारावर ठेवतात, विमानाने गावोगाव फिरवतात. हे मी पॅपना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग बिल नन?

बिल नन हा पॅपचा हुकमी पत्ता, आणि मलाही त्यावर उतारा सापडलेला नाही. नन आधी 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात क्रीडा पत्रकार होते. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कॉलेजांमध्ये काय दर्जाचे खेळाडू आहेत हे त्यांना वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्याने माहीत होतं. व्यावसायिक संघांना त्यात फारसा रस नव्हता. साठच्या दशकाच्या शेवटी स्टीलर्सनी त्यांना स्काउट म्हणून घेतलं. १९७४च्या ड्राफ्टच्या आधी अलाबामा ए अँड एम कॉलेजात जॉन स्टॉलवर्थ नावाच्या रिसीव्हरची, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्या गड्याची, चाचणी झाली. बऱ्याच संघांचे स्काउट होते. जमीन ओली होती, स्टॉलवर्थ सावकाश पळाला, सगळ्यांनी आकडा टिपला, दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघाले. नन म्हणाले, मला बरं वाटत नाहीये, तुम्ही व्हा पुढे. बाकीचे गेल्यावर उठले, स्टॉलवर्थला कोरड्या जमिनीवर नेलं आणि पुन्हा पळवलं. आता तो जोरात पळाला. दुसरा आकडा एकट्या ननच्या वहीत.

मुख्य प्रशिक्षकांना तो पहिल्याच फेरीत हवा होता असं सांगतात. थांबू या, इतर कुणाला माहीत नाही, असं सांगून त्यांना आवरावं लागलं. चौथ्या फेरीत, ८२व्या क्रमांकावर तो मिळाला. त्या एका ड्राफ्टमधल्या स्वान, लँबर्ट, स्टॉलवर्थ आणि वेब्स्टर या चौघांचे पुतळे आज हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या दालनात, आहेत, आणि ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला डॉनी शेल ननच्याच ओळखीने आला, तोही तिथे आहे. पुढच्या सहा वर्षांत चार सुपर बोल. ननना स्वतःला तो मान २०२१मध्ये मिळाला, मृत्यूनंतर सात वर्षांनी.

५२ टक्क्यांच्या हिशोबात हे बसतं का? बसतही असेल, नशीब म्हणूनही चौघं एकदम सापडू शकतात. पण मला त्या गोष्टीतलं आजारपणाचं सोंग सोडवत नाही. पलंगावर पडून बाकीच्यांच्या गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकत राहिलेला माणूस. त्याने स्टॉलवर्थमध्ये असं काही बघितलं होतं जे घड्याळात आलं नव्हतं, आणि त्याने आपल्या डोळ्यांवर न विसंबता पुन्हा घड्याळच लावलं. त्या मुलीला मी अजून दहा मिनिटं द्यायला हवी होती. पुढची मुलाखत साडेतीनला होती म्हणून दिली नाहीत.

पिकेट मार्च २०२४मध्ये गेला, आणि गेला तोही फिलाडेल्फियाला, ज्या शहराचं नाव पॅप घेत नाहीत. 'राज्याचं दुसरं टोक' म्हणतात. चिरंजीवांनी वाढदिवसाच्या पैशांतून घेतलेली आठ नंबरची जर्सी कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेली. पुढच्या हिवाळ्यात आई पुन्हा आली. तिला हीटर लावूनही थंडी वाजते, आणि स्वेटर तिला टोचतात. एके दिवशी सकाळी बघतो तर गोल साडीवर ती जर्सी, बाह्या दुमडलेल्या, पाठीवर 'पिकेट', आणि गॅसवर चहा. चिरंजीव काही बोलले नाहीत. महिनाभर ती तशीच वावरली. किराणा आणायलाही.

फेब्रुवारी २०२५चा सुपर बोल फिलाडेल्फियाने ४०-२२ने मारला. पॅप आमच्या तळघरातच होते, केवळ समोरचा कॅन्सस सिटीचा संघही आवडत नाही म्हणून. सामना कधीच संपला होता. शेवटच्या काही मिनिटांत फिलाडेल्फियाने आपला मुख्य क्वार्टरबॅक बाहेर बसवला आणि राखीव आत आला. चेंडू हातात घेऊन गुडघा टेकायचा आणि घड्याळ संपवायचं, एवढंच काम.

आई डुलक्या घेत होती. नाव कानावर पडलं तशी जागी झाली.

"हा तो वीतवाला ना? आपला?"

"होता," चिरंजीव म्हणाले.

"मग जिंकला की रे!" ती म्हणाली, आणि दुमडलेल्या बाह्या नीट करून बक्षीस समारंभ बघायला सरसावून बसली. पॅपनी मला विचारलं, आजी काय म्हणतायत. मी सांगितलं. त्यांनी टॉवेल तोंडावर ओढून घेतला. हसत होते की रडत, मला पलीकडून दिसलं नाही.